रात्सिंबाच्या हातातला कोळी

माझे दाजी रात्सिंबा यांचं स्वतःबद्दल फार चांगलं मत आहे. आमच्या अंबातुलांपी गावात ॲल्युमिनियमची भांडी ओतणारे गल्लोगल्ली भेटतील. जुन्या लॉऱ्यांची इंजिनं, फुटके पिस्टन, वाकलेले पत्रे, सगळं भट्टीत जातं आणि भाताची पातेली होऊन बाहेर येतं. पण दाजींचं म्हणणं असं की बाकीचे पातेली ओततात आणि ते पातेली घडवतात. ह्यात फरक काय, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी आपलं एक पातेलं बोटाने वाजवलं आणि मग शेजारी राहणाऱ्या झाका ओताऱ्याचं वाजवलं. मला दोन्हींचा आवाज सारखाच आला. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी ठार बहिरी.

तरी खरं ते सांगायला हवं. माणूस कामाला वाघ होता. आमच्याकडे साचा म्हणजे लाकडी चौकटीत दाबून भरलेली माती. लाल माती चाळायची, तीत कोळशाची पूड मिसळायची, पाणी शिंपडायचं आणि नमुन्याच्या पातेल्याभोवती ती अनवाणी पायांनी ठासायची. टाच, चवडा, पावलाची बाहेरची कड, सगळं कामाला लागतं. मग नमुना काढून घ्यायचा आणि राहिलेल्या फटीत वितळलेला धातू ओतायचा. माती फार ओली राहिली तर वाफ कोंडून पातेल्याला खड्डे पडतात. कोरडी राहिली तर साच्याची कड ढासळते आणि पातेल्याला भोक पडतं. ओली की कोरडी हे ओळखायचं ते अंगठ्याने आणि पहिल्या दोन बोटांनी, दुसरं साधन नाही. दाजी चिमूटभर माती चोळायचे, डोळे मिटायचे आणि पूर्वजांशी बोलणं चालू असल्यासारखा चेहरा करायचे. मग म्हणायचे, "अजून थोडं पाणी." आणि माझी थोरली बहीण बावुला पाणी शिंपडायची.

मी फारा, घरातलं शेंडेफळ. ताना शहरात एका इस्पितळामागच्या प्रयोगशाळेत मी कोळ्यांच्या पोटातून दोरा ओढते. हालाबे म्हणजे आमचे ते थोराड कोळी, पावसाळ्यात विजेच्या तारांवर जाळी बांधून बसतात तेच. मादीला लाकडाच्या खाचेत अलगद अडकवायचं, पोटाखालचं टोक बोटाने पकडायचं आणि चाकावर गुंडाळत राहायचं. दोरा पिवळाधमक निघतो. काम झालं की तिला परत झाडावर सोडायचं. कधी कधी चावते, पण दाजींच्या बोलण्याइतकं ते लागत नाही.

हा दोरा लागतो तुटलेल्या नसेला. रक्ताची नस नव्हे, जाणिवेची. ती तुटली की तिचं वरचं टोक पुढे वाढायला बघतं. पण मध्ये फट मोठी असली तर त्याला वाट सापडत नाही आणि ते तिथेच गाठ होऊन बसतं. आम्ही त्या फटीत एक नळी बसवतो. नळी डुकराच्या शिरेची. धुऊन धुऊन तिच्यातला डुक्कर सगळा काढून टाकायचा आणि नुसता सांगाडा ठेवायचा. तिच्या आत माझे दोरे उभे, एकमेकांना लागून. वेल काठीला धरून चढते तशी नस त्या दोऱ्यांना धरून पलीकडे जाते, आणि मग शरीर हळूहळू ते दोरे पचवून टाकतं. मेंढ्यांमध्ये हे जमलं होतं. माणसांवर आम्ही नुकतीच सुरुवात केली होती.

त्या वर्षी थंडीत मी मामेबहिणीच्या लग्नाला गावी गेले. ताईने रावितुतू केलं होतं, कसाव्याचा कुटलेला पाला आणि डुकराचं मांस. दाजींनी चुलीवरचं भाताचं पातेलं उजव्या हाताने उचललं आणि बोलत बोलत दारापर्यंत आले. विषय होता लग्नात भाषण करणारा म्हातारा, आणि त्याच्यापेक्षा आपण किती बरं बोललो असतो. मला करपल्याचा वास आला. मला वाटलं मांस खाली लागलं.

"दाजी, पातेलं खाली ठेवा."

"का? तुला बसायला जागा हवी?"

"आधी खाली ठेवा म्हणते ना."

त्यांनी ठेवलं. अंगठ्याची कातडी पांढरी पडून पातेल्याच्या कानाला चिकटून राहिली होती. दाजींनी अंगठ्याकडे असं पाहिलं जसं काही तो झाकाचा होता.

"मला नाही लागत," ते म्हणाले. "भट्टीवाल्याचे हात आहेत."

ताई मान खाली घालून भात वाढत राहिली. मग मागच्या अंगणात तिने मला सगळं सांगितलं. मागे एका लॉरीचा दरवाजा फोडताना काच कोपराच्या खाली शिरली होती. गावच्या दवाखान्यात कातडी शिवली, जखम भरली, दाजींनी हात बरा झाल्याचं जाहीर केलं. पण अंगठा आणि पहिली दोन बोटं त्या दिवसापासून मेलेली. मातीची परीक्षा आता ताई करत होती. दाजी चिमूट चोळायचे, डोळे मिटायचे, देखावा सगळा पूर्वीसारखा. ती मागे उभी राहून स्वतःची चिमूट चोळायची आणि पाणी हवं असेल तर खोकायची. मग ते म्हणायचे, "अजून थोडं पाणी."

"आणि तू हे इतके दिवस खोकत राहिलीस?" मी म्हटलं.

"तो म्हणतो, कळलं कुणाला तर मी ओतारी राहत नाही, भांडी विकणारा होतो," ताई म्हणाली. "त्याचं मला काही नाही गं. पण एक दिवस तो हात भट्टीत जाईल, आणि त्याला वास आल्यावर कळेल."

दाजींना सरळ इस्पितळात चला म्हटलं असतं तर ते छपरावर चढून बसले असते. म्हणून मी सांगितलं की आमच्या डॉक्टरीणबाईंना चांगली पातेली हवी आहेत आणि अंबातुलांपीत चांगली कुठे मिळतात ते मला काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी ते पातेल्यांचं गाठोडं घेऊन माझ्याआधी व्हॅनमध्ये बसले होते.

डॉ. हुलीसुआ बुटक्या आणि रोखठोक. त्यांनी पातेली पाहिली, एक बाजूला काढलं, आणि मग म्हणाल्या, "आता हात दाखवा." दाजींनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी अजून विसरले नाही. पण हात त्यांनी दाखवला.

"नस तुटली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मध्ये बरीच फट पडली आहे. पोटरीतली एक नस काढून इथे जोडता येईल. पावलाची बाहेरची कड बधिर राहील, बाकी काही नाही."

"म्हणजे हाताला ठिगळ लावायला पाय फाडायचा," दाजी म्हणाले. "बाई, त्याच कडेने मी माती ठासतो. हात गेला तर निम्मा ओतारी उरतो. पायही गेला तर मी काय उरलो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं त्या काय विचारताहेत, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. परक्या माणसाच्या हातात आपला दोरा घालणं वेगळं. हा माझ्या ताईच्या घरचा हात होता आणि मला भीती वाटत होती. शेवटी मी मान डोलावली.

"दुसरा उपाय आहे," डॉक्टर त्यांना म्हणाल्या. "पण नवा आहे. लागू पडेलच असं मी सांगणार नाही. नाही पडला तर मग पायाची नस घ्यायची, तेव्हा हट्ट चालणार नाही. डुकराची नळी आणि कोळ्याचा दोरा. तुमच्या घराण्यात डुक्कर चालतं ना?"

"डुक्कर माझ्या पोटात केव्हाचंच आहे. हातात गेलं तर नातेवाईक भेटतील त्याला." मग ते थांबले. "आणि कोळी? हिचे?"

"माझेच," मी म्हटलं.

"मग दोरा तुटायचा नाही. हिचं बोलणंसुद्धा तुटत नाही."

त्यांची नळी मीच भरली. त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत कुणाशी धड बोलले नाही. शस्त्रक्रियेनंतर झाका त्यांना भेटायला वॉर्डात आला, पट्टीतला हात सगळीकडून पाहिला आणि म्हणाला, "काय रे, दोऱ्याबरोबर अंडीबिंडी नाही ना आली? आत ऊब चांगली आहे. पिल्लं निघायची." सगळा वॉर्ड हसला. दाजी सगळ्यांत मोठ्याने हसले. मी झाकाला सांगितलं की दोरा उकळून स्वच्छ केलेला असतो, त्यात काही जिवंत राहत नाही, आणि तुझ्या डोक्यातही काही राहिलेलं दिसत नाही.

घरी पाठवताना डॉक्टर म्हणाल्या, "काही महिने काहीच वाटणार नाही. मग आत काहीतरी चालल्यासारखं वाटेल. वाटलं की लगेच कळवा."

महिने गेले. मी सवड काढून जायची, नस जागी होतेय का ते बघायला शिवणीवर बोटाने ठोकायची आणि विचारायची, "काही?" ते म्हणायचे, "नाही." पहिल्यांदा त्यांनी 'नाही'बरोबर एक टोमणा दिला होता. नंतर नुसतंच 'नाही'. दाजींचं तोंड गप्प झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पाहवतही नव्हतं. मग पाऊस लागला, तारा कोळ्यांनी भरून गेल्या, आमचा हंगाम सुरू झाला. मला तानाबाहेर पाऊल टाकता येईना. फोनवर दाजी म्हणायचे, ठीक आहे. मी पण, ठीक तर ठीक, म्हणून कामाला लागायची.

हंगाम संपत आला तेव्हा ताईचा फोन आला.

"फारा, गुरुवारी सकाळी ये."

"का? काय झालं?"

"राइनिसुआ त्याच्या हातातला कोळी काढणार आहेत."

"कुठला कोळी?"

"तुझा."

मी खुर्चीवर बसले. राइनिसुआ म्हणजे आमच्या भागातले ओंबिआसी. मुहूर्त काढणं, जडीबुटी देणं, गळू फोडणं, सगळं तेच. ताईने सांगितलं की दाजींच्या हातात पावसाळ्याच्या सुरुवातीपासून काहीतरी वळवळत होतं. आधी शिवणीखाली, मग आणखी खाली. रात्री झोप नाही, दिवसा लक्ष नाही. कुणाला सांगितलं तर झाका गावभर करेल, म्हणून ते गुपचूप राइनिसुआंकडे जात होते.

"अगं पण डॉक्टर म्हणाल्या होत्या की काहीतरी चालेल!"

"तेच तर तो म्हणतो. म्हणे, आत काही सोडलेलं असल्याशिवाय ते चालेल हे त्यांना आधीच कसं ठाऊक?"

मी कपाळावर हात मारून घेतला.  पण वळवळत होतं म्हणजे काय, हे मला कळलं होतं.

"मग अजून कापलं कसं नाही?"

"मंगळवारी कापाकापी नको म्हणाले राइनिसुआ. बुधवार त्याच्या जन्मदिवसाला जड. गुरुवार चांगला."

आमच्याकडे दिवस पाहिल्याशिवाय कुणी कुंपणाचा खांब रोवत नाही, आणि मी जन्मभर त्यावर तोंडसुख घेत आले. त्या दिवशी मात्र मी मंगळवार आणि बुधवारच्या पाया पडायला तयार होते. डॉक्टरांना शस्त्रक्रिया सोडून निघता येईना. त्या एवढंच म्हणाल्या, "कापू देऊ नकोस, फारा. भांड, रड, त्याच्यावर बस. पण कापू देऊ नकोस."

गुरुवारी पहिली व्हॅन पकडून मी थेट राइनिसुआंच्या अंगणात पोचले. चटईवर दाजी बसले होते, बाही कोपरापर्यंत वर. बाजूला ताई. पांढऱ्या फडक्यावर सुरी, मधाची वाटी, पूर्वजांसाठी रमची बाटली. कुंपणापाशी झाका आणि आणखी चारजण उभे. गुपित गुपचूप राहिलं नव्हतंच.

"आली जाळीवाली," दाजी म्हणाले. आवाजात दम नव्हता. डोळे खोल गेलेले. "दोरा चांगला होता गं तुझा. पण त्याच्याबरोबर मालकीणही आली."

मी व्हॅनमध्ये भांडणाची सगळी तयारी करून आले होते. पहिलं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात मला त्यांचा हात दिसला. शिवणीच्या खालून तळव्याच्या तोंडापर्यंत लहान लहान गोल डाग होते. वरचे जुने, फिके. खालचा अजून ओला.

"हे काय आहे?"

"मी सांगितलं होतं," राइनिसुआ म्हणाले. वाळकुडे, चष्मा लावणारे, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. "जागा कळल्याशिवाय कापू कुठे? हा दर खेपेला येतो आणि जागा दुसरीच सांगतो. म्हटलं, वळवळेल तिथे खूण करत जा."

"खूण म्हणजे शाईची!" ताई म्हणाली.

"शाई धुतली जाते," दाजी म्हणाले. "तापल्या तारेने केल्या. तिथे तरी लागतं मला."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे राग आधी बाहेर पडला.

"दाजी, तुम्ही जन्मात कोळी पाहिलाय का हो?"

"तुझ्यापेक्षा जास्त."

"मग सांगा, कोळी असा चालतो? सरळ रेषेत? कधी मागे नाही, कधी आडवा नाही?"

 राइनिसुआ पुढे झुकले आणि चष्मा नीट केला. "मलाही ते जरा खटकतच होतं," ते म्हणाले.

"हा पहिला डाग. हा त्याच्या खाली. हा मनगटाशी. हा तळव्याच्या तोंडाशी. कुठे चाललाय हा?"

दाजी स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. डाग त्यांनीच दिले होते, पण एकेक करून. सगळे मिळून त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

"अंगठ्याकडे," ते म्हणाले.

मी पहिल्या डागावर बोटाने ठोकलं. "काही?"

"नाही. तिथून तो गेला."

दुसऱ्यावर ठोकलं. नाही. मनगटावर, थोडंसं. मग शेवटच्या डागाच्या कडेला ठोकलं, आणि त्यांचा हात माझ्या हातातून उडालाच.

"अंगठ्यात गेलं," ते म्हणाले. "वीज गेली अंगठ्यात."

"ही तुमची नस आहे, दाजी. माझ्या दोऱ्याला धरून तिने फट ओलांडली आणि आता ती घरी चालली आहे. अख्खा पावसाळा चालतेय बिचारी. आणि तुम्ही दिवस बघून तिला कापायला बसलात."

 दाजींनी ताईकडे पाहिलं, मग राइनिसुआंकडे. राइनिसुआ उठले. "माझ्या अंगणात माझी परीक्षा चालते," ते म्हणाले. त्यांनी लिंबाच्या झाडाचा एक काटा तोडला, रममध्ये बुडवला आणि दाजींची गवती टोपी त्यांच्याच तोंडावर पालथी घातली.

पहिल्या बोटाच्या टोकाला टोचलं. टोपी गप्प. मधल्या बोटाला. टोपी गप्प. ताईने डोळे मिटून घेतले. बोटांच्या टोकापर्यंत नस पोचायला अजून वेळ होता हे मला माहीत होतं, पण गावाला माहीत नव्हतं. मग राइनिसुआंनी अंगठ्याच्या बुडाशी, मांसल भागावर काटा टेकवला आणि दाबला.

टोपीखालून जी शिवी आली तीत राइनिसुआंची आजी होती आणि एक झेबू बैल होता. राइनिसुआंना आमच्या गावात आजवर कुणी अरे म्हटलं नव्हतं.

"लागलं वाटतं," ते शांतपणे म्हणाले.

दाजींनी टोपी काढली. चेहरा पांढराफटक. "परत टोचा."

"परत शिव्या देणार का?"

"देईन."

"मग टोचतो."

त्यांनी टोचलं आणि दाजींनी दिल्या. पुन्हा टोचलं, पुन्हा दिल्या. शेवटी झाका कुंपण ओलांडून आत आला, मलाही टोचू द्या म्हणाला, आणि त्यालाही त्याच्या वाटणीच्या मिळाल्या. सगळं अंगण हसत होतं. ताई उठली, दाजींचा हात धरला, आणि डागांवर बोट फिरवत म्हणाली, "स्वतःला डागून घेत होतास, सुलूच्या बापा, आणि मला सांगितलं नाहीस. मी तुझ्यासाठी इतके दिवस खोकत होते." आणि तिने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. सगळ्यांसमोर. मग ती रडली. मीही रडले. राइनिसुआंनी सुरी फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "हा कोळी काढायचा नाही. ह्याला पोसायचा."

खोकण्याचं त्या दिवशी जगजाहीर झालं ते झालंच. मला वाटलं दाजींची नाचक्की होईल. झालं उलटंच. आठवडाभरात झाकाची बायको आपली माती घेऊन ताईकडे आली, जरा बघतेस का म्हणून. मग आणखी दोघी आल्या. ताईने स्वतःची चौकट केली आणि स्वतःचे साचे भरायला लागली. दाजी तानाला तपासणीला गेले की वॉर्डात भाषण ठोकायचे. डाग बिल्ल्यांसारखे मिरवायचे. नस कुठवर आली हे डागून बघण्याची पद्धत आपणच शोधली, असं ते नव्या पेशंटना सांगायचे, आणि डॉक्टर हुलीसुआ दारात उभ्या राहून म्हणायच्या, "ह्यांचं ऐकून कुणी स्वतःला डागलं तर मी त्याच्या दोन्ही हातांना पट्टी बांधीन." पण त्या हाताचा फोटो त्यांनी भिंतीवर लावला. तो लावताना त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. आपण मेंढ्यांच्या पुढे आलो, असं त्या मला म्हणाल्या. मला त्या दिवशी रस्त्यावर दिसेल त्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं की तो दोरा माझा आहे.

बोटांच्या टोकांशी नस पोचायला पुढची थंडी उजाडली. त्या सुमाराला मी सुट्टी घेऊन गावी होते. सकाळची वेळ, रानुवुलाचा, म्हणजे करपलेल्या भाताच्या पाण्याचा, पेला माझ्या हातात, भट्टी पेटलेली. ताईने मातीची चिमूट चोळली.

"अजून थोडं पाणी," ती म्हणाली.

"नको," दाजी म्हणाले.

ताईचा हात मातीतच राहिला. काच लागल्यापासून तिने मागितलेल्या पाण्याला कुणी नको म्हटलं नव्हतं.

"काय म्हणालास?"

"नको म्हणालो." ते अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते. डोळे मिटलेले नव्हते, पूर्वजबिर्वज काही नाही. "ओली आहे. मला कळतेय ना."

"कोरडी आहे ती. तुझी बोटं अजून कोवळी आहेत. त्यांना सगळंच ओलं लागतं."

"माझी बोटं तू मला शिकवू नकोस."

"मग कोण शिकवणार? झाका?"

आवाज चढला. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मागे हटत नव्हती. शेजारपाजारचे कामं टाकून आले. शेवटी दोन साचे भरायचं ठरलं. ताईने आपल्या मातीला पाणी शिंपडलं, दाजींनी शिंपडलं नाही. दोघंही माती ठासत होती, एकमेकांकडे पाठ करून. मग धातू ओतला, दोन्हीकडे. निवू दिला. साचे फोडले.

ताईचं पातेलं तुकतुकीत निघालं, अंड्यासारखं. दाजींच्या पातेल्याला बुडाजवळ भोक होतं, चांगलं अंगठा जाईल एवढं.

झाकाने ते उचलून डोळ्याला लावलं. "रात्सिंबा, ह्यात भात शिजवायचा की ह्यातून रस्ता बघायचा?"

सगळे हसले. दाजींनी त्याच्या हातातून पातेलं काढून घेतलं, मांडीवर धरलं आणि भोकात उजवा अंगठा घालून कडेवरून गोल फिरवला. मग थांबले. पुन्हा फिरवला, आणखी हळू. 

"वर गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "खाली खरखरीत. आणि इथे, ह्या कोपऱ्यात, धार आहे."

त्यांनी अंगठा बाहेर काढला. त्याच्यावर रक्ताचा थेंब होता. तो त्यांनी ताईच्या तोंडासमोर धरला, जसं काही ते त्यांनी घडवलेलं सगळ्यांत चांगलं भांडं होतं.

"बावुला, बघ," ते म्हणाले. "मला लागलं."

ताईने तो अंगठा आपल्या मुठीत घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही. मग नाक ओढून म्हणाली, "माती कोरडी होती, हे तरी आता कबूल कर."

ते त्यांनी आजतागायत केलेलं नाही.